आबा कागद कोणाला दाखवणार?

आमदाराच्या पीएकडे किस्से साठतात ते शर्टाच्या खिशात पार्किंगच्या पावत्या साठतात तसे. मुद्दाम ठेवत कोणी नाही, शर्ट धुवायला टाकताना निघतात! परवा मित्रांनी विषय काढलाच, "संज्या, ते तुम्हाला हॉटेलात कोंडलं होतं ते सांग ना." म्हटलं, सांगतो. पण तुम्ही हसाल, मी तेव्हा हसलो नव्हतो. ते सगळे दिवस मी अॅसिडिटीच्या गोळ्यांवर काढले.

आमचे साहेब म्हणजे आबा. साताऱ्याकडचे आमदार. आवाज मोठा, काळीज हळवं. राज्यसभेची निवडणूक लागली आणि पक्षाने सगळे आमदार उचलून नवी मुंबईत, महाप्याच्या एका हॉटेलात आणून ठेवले. कारण राज्यसभेचे खासदार जनता निवडत नाही, आमदार निवडतात. आमचा पहिला उमेदवार आरामात येत होता. दुसरा मात्र अगदी काठावर. एक मत इकडचं तिकडे झालं किंवा बाद झालं, की तो गेलाच!

आणि सगळ्या हॉटेलचा संशय आबांवर. का? तर आबांची लेक सायली वाशीला दिलेली आणि तिचे सासरे नानासाहेब समोरच्या पक्षाचे. नुसते पक्षाचे नाहीत, मतदानाच्या खोलीत त्या पक्षाचे एजंट म्हणून तेच बसणार होते!

"आबा फुटणार," हे पहिल्या दिवशीच्या चहालाच मी ऐकलं.

*

मी राहतो घणसोली गावात, भाड्याच्या खोलीत. बॅग भरून निघालो तर घरमालकीण काकी दारातच मासळी साफ करत बसलेल्या. म्हटलं, "काकी, काही दिवस नाही मी. राज्यसभेचं इलेक्शन आहे."

"कंचा इलेक्शन? आमाला नाय बोलावला?"

"तुम्ही आमदाराला मत दिलंत ना? आता आमदार राज्यसभेच्या लोकांना मत देणार."

काकींनी सुरी खाली ठेवली. "मंजे पोराला बाजारात मी धाडला, पन मासली कंची आनायची ती त्याची मर्जी?"

"तसंच काहीतरी."

"मंग तो कवा पन शिलीच आनील!"

हे मी गाडीत आबांना सांगितलं. मला वाटलं हसतील. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खरं बोलली रं ती."

*

हॉटेलात आमदारांना मत कसं द्यायचं ते शिकवायला सावंत सर होते. आमच्या पक्षाचे एजंटही तेच. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. आकडाच! अक्षरात 'एक' लिहिलंत, बाद. टिक केलीत, बाद. पेन तिथलंच, जांभळ्या शाईचं. खिशातलं काढलंत, बाद!"

मग तालीम. आबा पडद्याआड गेले, कागद घेऊन आले. आकडा एकदम झकास. आणि खाली झोकात सही!

"आबा, सही कशाला?"

"आवो, सवय! कागद म्होरं आला की हात सहीवरच जातो."

"सहीने मत कोणाचं ते कळतं. बाद!"

आबा परत गेले. आले. या वेळी सही नव्हती. सावंत सरांनी खूश होऊन कागद उलगडला. आकड्याखाली आबांनी लिहिलं होतं, 'तपासून योग्य ती कार्यवाही व्हावी'!

सावंत सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "तुझ्याकडे ती अॅसिडिटीची गोळी आहे ना? दे इकडे."

*

तो दुसऱ्या पसंतीचा घोळ तर विचारू नका. पहिल्या उमेदवाराला निवडून यायला लागतात त्यापेक्षा जास्त मतं पडली, की वरची मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात. सावंत सरांनी फळ्यावर गणित मांडलं. अर्धे आमदार फळ्याकडे बघत होते, अर्धे घड्याळाकडे.

जेवताना आबा म्हणाले, "संजू, तूच सांग बाबा."

मी थाळी पुढे ओढली. "आबा, ही वाटी पहिल्या उमेदवाराची. त्याच्यात भाजी वाढायची. वाटी भरली आणि वर सांडायला लागली, की सांडेल ती दुसऱ्याच्या वाटीत."

"आत्ता कळलं!" आबा खूश. आवाज तर सगळ्या डायनिंग हॉलला पुरेल एवढा. "म्हंजी आपला दुसरा गडी सांडलेल्यावरच जगणार म्हन की!"

दुसरे उमेदवार शेजारच्याच टेबलावर बसले होते. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि बिनसाखरेचा चहा मागवला.

*

एकदा आबांनी विचारलं, "संजू, राज्यसभा बरखास्त कवा हुती?"

"होतच नाही आबा. खासदाराची मुदत सहा वर्षं. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक जातात, तेवढे नवे येतात. सभा चालूच."

"आन आमची विधानसभा? पाच वर्षं, तीबी टिकली तर!" आबांना ते चांगलंच लागलं.

"आणि त्यातले बारा जण तर निवडणूक न लढवताच जातात. राष्ट्रपती नेमतात त्यांना. साहित्य, कला, विज्ञान, समाजसेवा यातले लोक."

"त्यांच्यासाठी कुनाला हॉटेलात कोंडत न्हाईत?"

"छे! त्यांना कोणाचं मतच लागत नाही."

"मग लेका, आधी सांगायचं न्हाई? मी भजनं काय वाईट म्हनतो?"

मी हसलो. आबाही हसले. मग हळूच म्हणाले, "वाशीवरनं काय निरोप आला का रं?"

*

आता ती वाशीची गोष्ट. सायलीचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला, म्हणून ती सासरीच राहिली. आबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तिच्याजवळ गेल्या होत्या. आणि आबा इथे, महाप्याला. मध्ये फक्त अर्ध्या तासाचा रस्ता, पण पाय बाहेर टाकायची सोय नाही! सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले होते, माझा पण. त्यात ते घर पडलं समोरच्या एजंटचं, म्हणजे तिथे फोन लावणं तर महापाप!

पक्षाचा एक माणूस रोज सकाळी येऊन सांगायचा, "आबा, सगळं ठीक आहे."

"रोज एकच वाक्य!" आबा खोलीत येरझारा घालायचे. "हा इचारतो तरी का, का घरनंच पाठ करून येतो? संजू, माझा जीव ऱ्हात न्हाई रं."

शेवटी न राहवून ते एका रात्री जेवण झाल्यावर खाली रिसेप्शनला गेले आणि फोन मागितला. कोणी दिला नाही. पण नाश्त्यापर्यंत सगळ्या मजल्यांवर झालं, 'आबा फोन लावत होते, आबा फुटले!'

आबांनी इडलीची प्लेट तशीच सरकवली. डोळे भरलेले. सगळ्यांदेखत म्हणाले, "लेकीची चौकशी करणारा बाप फुटलेला असतो व्हय? माझं मत बाद झालं ना, तर राजकारण सोडा, गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई मला. ठावं हाय मला ते!"

मी ती प्लेट परत त्यांच्यापुढे सरकवली.

*

सगळ्यात अवघड तालीम शेवटच्या दिवशी झाली. या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराने आपलं मत पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या एजंटला दाखवायचं असतं. फक्त आपल्याच! दुसऱ्या पक्षाच्या एजंटला दाखवलं, की मत बाद.

सावंत सर एका खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीत त्यांनी मला बसवलं. "संजू, तू नानासाहेब."

आबा कागद घेऊन आले, सरळ माझ्यापुढे उभे राहिले आणि वाकून म्हणाले, "राम राम व्याही!"

"आबा!" सावंत सर ओरडले. "तिकडे बघायचंच नाही!"

"असं कसं? मुलीचा बाप हाय मी. तिच्या सासऱ्याला पाठ दाखवू?"

परत केलं. परत राम राम! तिसऱ्यांदा आबा माझ्याकडे न बघता गेले खरे, पण कागद दाखवून झाल्यावर मागे वळून मला म्हणाले, "राग मानू नका बरं का व्याही!"

सावंत सरांनी कपाळाला हात लावला. मी काही त्या रात्री झोपलो नाही.

*

मतदानाच्या सकाळी बस निघता निघता पक्षाचा तो माणूस आला. या वेळी वाक्य वेगळं होतं. "आबा, सायलीताईंना रात्री अॅडमिट केलंय. काळजी करू नका."

"म्हंजी? झालं काय?"

त्याला पुढचं माहीतच नव्हतं. विधानभवन येईपर्यंत आबांनी माझा हात सोडला नाही.

मला आत प्रवेश नव्हता, मी बाहेर देव आठवत उभा. आतलं मला सावंत सरांनी नंतर सांगितलं. आबांनी पडद्याआड मत लिहिलं. आकडा लिहिला, सही नाही, शेरा नाही, सगळं शिकवल्यासारखं. कागद घेऊन एजंटांच्या टेबलाकडे निघाले. सावंत सर बसलेले, शेजारी नानासाहेब. नानासाहेबांचा चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली, अंगावर कालचाच चुरगळलेला शर्ट.

ते बघितलं आणि आबा सगळं विसरले! सावंत सरांना ओलांडून सरळ नानासाहेबांपुढे गेले. उघडा कागद हातात तसाच, त्यांच्या अगदी नाकासमोर.

"व्याही... माझी सायली?"

हे सांगताना सावंत सर मला म्हणाले, "संजू, मी खुर्चीतच संपलो."

नानासाहेबांनी डोळे गच्च मिटले. मान भिंतीकडे फिरवली. आणि तसेच, शेजारच्या सावंत सरांपुरतंच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले, "आबा, नात झाली. दोघी सुखरूप आहेत. आधी तो कागद सावंतांना दाखवा."

आबांनी रडत रडत कागद सावंत सरांपुढे धरला.

तेवढ्यात नानासाहेबांच्याच पक्षाचा मागे बसलेला माणूस उठला. "ऑब्जेक्शन! यांनी मत आमच्या एजंटला दाखवलंय, बाद करा!"

निवडणूक अधिकारी उठून टेबलापाशी आले. म्हणाले, "नानासाहेब, तुम्ही सांगा. यांचं मत तुम्हाला दिसलं?"

नानासाहेबांनी डोळे उघडले, चांगले चोळले आणि म्हणाले,

"नाही हो साहेब. रात्रभर दवाखान्यात जागा होतो. इथं बसल्या बसल्या जरा डोळा लागला होता."