टेपचं टोक सापडेना म्हणून

पत्रे जागेवर नव्हते. सकाळी उतरवलेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, लाल लेबल लावलेले अकरा पत्रे. आम्ही जेवायला गेलो आणि गठ्ठे गायब.

मी ॲस्बेस्टॉस काढण्याच्या कामावर सुपरवायझर आहे. त्या दिवशी विठ्ठलवाडीत सुनंदाताई खरात यांच्या घराचं जुनं छप्पर उतरवत होतो. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेल तर फारसा धोका नसतो. तोडला, कापला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, छातीत जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. म्हणून आम्ही मास्क आणि पांढरे सूट घालतो, पत्र्यावर पाणी मारतो, नटबोल्ट सोडवून तो आख्खा खाली घेतो, दोन थर प्लास्टिकमध्ये सील करतो. पुढे तो अशा कचऱ्याचं लायसन असलेल्या जागीच जातो.

"भंगारवाला आला होता का?" मी विचारलं.

"नाही ओ. शेजारच्या दौलत अंकलनी हमाल लावून काहीतरी गच्चीवर नेलं मघाशी," सुनंदाताई म्हणाल्या.

तेवढ्यात गच्चीवरून ग्राइंडरचा आवाज आला. लोखंड, फरशी, पत्रा, काहीही कापणारं मशीन. मी नुकताच सूट चढवला होता, बूट राहिले होते. मास्क ओढला आणि नुसत्या मोज्यांवर तीन मजले चढले.

सत्तरीचे अंकल खुर्चीत बसले होते. पायाशी आमचे गठ्ठे, हातात ग्राइंडर.

"आधी ते बंद करा."

त्यांनी बंद केलं. माझ्याकडे खालीवर बघितलं. "कंपनीवाली हो? अच्छा हुआ. ये कैसी पॅकिंग है, मॅडम? पंधरा मिनट से टेप का टोक ढूंढ रहा हूँ."

त्यांनी छपरासाठी नवे पत्रे मागवले होते. दारात इतका नीटनेटका माल दिसला, तो आपलाच समजून उचलला.

"अंकल, हे खरातताईंचे जुने पत्रे आहेत."

"जुन्या मालाला एवढं कोण नटवतं?"

"लेबल वाचलं नाही? धोका लिहिलंय."

"पढ़ा ना. इसीलिए हमाल को बोला, सँभालके, टूटना नहीं चाहिए."

हमालाने खरंच एकही फोडला नव्हता.

धुळीचं समजावलं तशी अंकलनी खुर्ची चार फूट मागे सरकवली. मग पाण्याच्या टाकीवरच्या स्वतःच्या जुन्या छपराकडे बघितलं. "ये भी वही है क्या? कल लड़के हथोड़ा लेके आनेवाले हैं."

"नुसतं बघून सांगता येत नाही. तपासेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी लगेच फोन करून हातोडेवाल्यांना नको सांगितलं.

आम्ही गठ्ठे तपासले. एका ठिकाणी वरच्या प्लास्टिकला ग्राइंडर लागला होता, आतला थर शाबूत होता. तिसरा थर चढवला आणि माल टेम्पोत घालून रवाना केला. संध्याकाळी अंकलचे खरे पत्रे आले, साधे रंगीत प्लास्टिकचे. ते उघडायला त्यांनी माझ्याकडे मास्क मागितला. दिला.

तेव्हापासून सील केलेल्या मालाशेजारी मी एक माणूस बसवते. लेबल सगळेच वाचतात, पण जो तो आपल्या सोयीनं.