अंगठा माझा होता

माझ्या जावयाने मला फसवले. माझ्याच घरात, माझ्या शेजारी सोफ्यावर बसून फसवले, आणि महिना धोंड्याचा असल्यामुळे मला त्याला एक वाकडा शब्द बोलता आला नाही. धोंड्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. देवाशी भांडता येत नाही.

मी आर्णीच्या बैलबाजारात दलालांच्या मागे फिरून धंदा शिकलो. आज जुन्या मोटारसायकली घेतो आणि विकतो. गिऱ्हाईक किक कशी मारते त्यावरून त्याची गरज ओळखतो. असा माणूस टीव्हीवरच्या बंदुकीच्या खेळात अडकला, यात दोष जावयाचाच. लोकांचे जावई धोंड्याच्या वाणात अंगठी घेतात. आमच्या जावईबापूंनी खेळाचे यंत्र मागितले, आणि आमच्या मुलीसह मुक्कामाला आले ते यंत्र टीव्हीला जोडूनच बसले.

आधी मी नाक मुरडले. पडद्यावर माणूस नसतोच. दिसते फक्त बंदूक आणि ती धरलेले हात. जावई म्हणाले, ते हात तुमचेच समजा. पडद्याचे दोन तुकडे करून एकात ते आणि एकात मी, असे खेळू लागलो. पहिल्याच लढाईत आमच्याच पलटणीचा सरदार फितूर झाला, त्याने मला दरीत ढकलले आणि वरून हसला. मला कोणी हसलेले खपत नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचे शटर दुपारी खाली येऊ लागले.

किल्ल्यावरची शेवटची लढाई आली तेव्हा सरदार मला हवा होता. पण समोर बायको आणि मुलगी शेंगदाणे निवडत बसलेल्या. त्यांच्यादेखत जावयाकडे मागणे बरे दिसेना. म्हणून बैलबाजारात दलाल करतात तेच केले. खांद्यावरचा दुपट्टा आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली बोटांनी सौदा केला. जावयाची चार बोटे त्यांच्याकडे सारली, म्हणजे सगळी फौज तुमची. अंगठा माझ्या मुठीत आवळला, म्हणजे सरदार माझा.

"जमलं," जावई म्हणाले.

त्या शब्दावर मी दरवाजे फोडले, गोळ्या अंगावर घेतल्या. जावई मागे बुरुजावर दुर्बिणीची बंदूक घेऊन निवांत. शेवटी सरदार माझ्यासमोर हात वर करून उभा राहिला. आता माणसाला नुसते मारून टाकायचे? आपण कोण, त्याने आपले काय केले, हे आधी ऐकवायला नको? मी टीव्हीकडे बोट करून त्याच्या सात पिढ्यांची उजळणी सुरू केली. तेवढ्यात बुरुजावरून गोळी आली आणि सरदार आडवा.

"जवाईबापू, तो माह्या होता," मी म्हणालो.

"मामाजी, तुमी त्याले भाषण देऊन राह्यले होते. मले वाटलं, सोडून देता."

"मंग अंगठा कायले देल्ला मले?"

"तुमी हात दाबला त मले वाटलं, मामाजीले माया आली."

मुलगी इतकी हसली की सूप कलंडले. मी अंगणात जाऊन तांब्याभर पाणी प्यायलो.

जावयाने समजूत काढली. हा पहिला भाग फार खपला, म्हणून कंपनीने पुढे मालिकाच काढली. दुसऱ्या भागातला सरदार तुमचा. दुसरा भाग लावला तर त्यात फितुराचा धाकटा भाऊ. त्याने माझे काय वाकडे केले होते? तिसऱ्यात तर युद्धच वेगळे, आणि मला ढकलले होते हे कोणाला आठवतही नाही. एका माणसाचा राग मी दुसऱ्यावर काढत नाही. मी यंत्र बंद केले.

मग बोरी अरबला व्याह्यांना फोन केला. त्यांनी जन्मभर बैलांचे सौदे केलेले. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, पोरगं 'जमलं' म्हणालं का? हो म्हणालो. ते म्हणाले, मग चूक त्याचीच, पण धोंडा सरू द्या, मग बसून बोलू.

धोंडा सरला. आता व्याही फोन उचलत नाहीत. बाजारात भेटले तर बैलाच्या आडून निघून जातात. जावई देव असेल. देवाच्या बापाला तशी सूट कुठे लिहिलेली नाही. दुपट्ट्याखाली दिलेला अंगठा तुमच्या मुलाने परत घेतला, व्याहीबुवा. आर्णीला या, चारचौघांत बसा आणि याचा जाब द्या.