अंबाडीच्या बोंडांचं सरबत

"आक्का, चव सांगा." पेला हातात दिला की तो तुमच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघायचा. घोट घशाखाली उतरेपर्यंत हलायचा नाही. चव विचारणारं माणूस तुमच्याही गल्लीत असेल, पण आमच्या गुंजी गावातल्या, माझ्या शेजारच्या या माणसाचं विचारणं वेगळं होतं, बघा.

तो प्रवासी जहाजावर स्वयंपाकी. जहाज जमैकाला लागलं की बाकीचे बाजार बघायला जायचे, हा सरळ रस्त्याकडेच्या एका म्हातारीच्या टपरीवर. ती एका झाडाच्या ओल्या लाकडाच्या धुरावर कोंबडी भाजायची. त्या झाडाच्या पानाला म्हणे लवंग, मिरी, दालचिनी, सगळ्यांचा वास एकदम. सोबत निखाऱ्यात भाजलेला विलायती फणस आणि आलं घातलेलं लालभडक सरबत. पहिल्या घोटालाच हा हसत सुटला. ही तर आपल्या बांधावरची अंबाडी! आपण पाला खातो नि बोंडं बियांपुरती ठेवतो, ती माणसं त्याच बोंडांचं नाताळात सरबत करतात. म्हातारी त्याला लेका म्हणायची आणि पेला पुन्हा भरायची. हे त्यानं इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं जेवून आले असं वाटतं.

मग सुट्टीवर आला असताना ताप आला, आणि तापाबरोबर चव गेली, वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाही येणार असंही होतं. चव न कळणारा स्वयंपाकी जहाजाला काय कामाचा? तेव्हापासून माझ्या परड्यातली बोंडं तोच खुडायचा आणि सरबत करायचा. आधी तीच चव परत येणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बायको म्हणायची, उकळून उकळून माझी पातेली लाल झाली, ह्यांची जीभ काय सुदरंना. आम्ही हसायचो. तोही हसायचा, जरा उशिरा.

गोव्याच्या एजंटाचा निरोप आला. नवं जहाज, पण आधी स्वयंपाक करून दाखवायचा. हे नाही जमलं तर पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं. त्याला धीर द्यायला मी म्हणाले, "आपण देवीचा निवद न चाखताच करतोय की रं. हाताला ठाऊक असतंय."

"देवी नावं ठिवत न्हाय, आक्का."

तरी गेला. कोंबडी नुसत्या हाताच्या आठवणीवर केली, ती सगळ्यांना आवडली. मग एजंटाच्या माणसांनी दुसऱ्या कुणी केलेल्या रश्श्याची वाटी पुढं ठेवली आणि विचारलं, यात काय कमी आहे? हा चमचा तोंडात धरून उभाच राहिला. शेवटी म्हणाला, मीठ.

रस्सा खारट होता.

परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं हे सांगितलं. मी ठेच्यासाठी ताटात मिरच्या निवडत होते. त्यानं एक उचलली, देठासकट चावली. चव गेली तरी झोंबणं जात नाही. कान लाल झाले, डोळ्यांतून धारा. "एवढं कळतंय," म्हणाला आणि दुसरी उचलली.

बायको त्याला बोलवायला आली होती, तिनं मनगट धरलं. त्यानं सोडवलं नाही, नुसतं तिच्याकडं बघितलं. तिनंच हात काढला, शेजारी बसली आणि ताटातली एक मिरची स्वतः चावली.

मी पाण्याचा तांब्या दोघांच्या मधे ठेवला. कुणीच त्याला हात लावला नाही.