वाटतं आणि आहे

मी मराठी शिकवते, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. केजच्या आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक इंग्रजी प्रश्नावली मिळवली होती. खाण्याचा आजार जडलेल्या बायकांच्या डोक्यात स्वतःच्या शरीराविषयी किती वाकडे विचार आहेत, हे ती मोजते म्हणे. तिचं मराठी मी केलं. प्रत्येक विधानापुढे तीन चौकटी : कधीच नाही, कधीकधी, नेहमी. पाचवं विधान होतं, ‘मी जाड आहे असं मला वाटतं.’ वाक्य साधं आणि शुद्ध उतरलं म्हणून मी स्वतःवर खूशही झाले.

मग प्रश्नावलीचं उद्घाटन झालं. कागदांच्या गठ्ठ्याचंही उद्घाटन होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. समई, हार, शाली. चौसाळ्याकडचे एक पुढारी प्रमुख पाहुणे होते. ते म्हणाले, “आपल्या मातीतली पोरगी भाकरी खाती. असले आजार तिला होत नसत्यात.” टाळ्या पडल्या. त्यानंतर मुलींना कागद वाटले.

त्या मुलींत माझ्या भावाची मुलगी होती. ती शिकायला माझ्याकडे राहायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असे एकेक उपास ती धरत गेली. मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं, पाळी थांबली, आणि माजलगावला, तिच्या घरी, पोरगी किती देवभोळी म्हणून कौतुक चाललेलं. हिला मोठ्या दवाखान्यात दाखवू, असं मी भावाला फोनवर सारखी सांगत होते. तो म्हणायचा, “कॉलेजात तपासणी हाय ना? ती होऊ दे.”

झाली. निकाल : विचार निरोगी. भावानं त्या कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग.

मी तिचा भरलेला कागद काढून पाहिला. पाचव्या विधानापुढे ‘कधीच नाही’.

“खोटं कावून लिहिलंस?”

“खोटं न्हाई, आत्या. वाटतं कुठं? हायच की मी जाड.”

आज मंगळवार आहे, असं सांगावं तितक्या सहज ती बोलली.

मी प्राध्यापकांकडे गेले. “सर, माझं मराठी चुकलं. जिला खात्रीच आहे, तिला नुसतं वाटत नाही. तेवढा शब्द बदला आणि पुन्हा विचारा.”

“मॅडम, आता बदल नाही करता येत. भाषांतर प्रमाणित झालंय.”

“भाषांतर माझंच आहे.”

“होतं. आता ते मोजमापाचं साधन आहे.”

यावर मी जे म्हणाले ते शुद्ध मराठी नव्हतं, पण अर्थ कुणालाही कळला असता. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, तू शब्दाचा लई कीस काढतीस.”

सुट्टी लागली तसा तो तिला माजलगावला न्यायला आला. स्टँडबाहेर जीप भरत होती. मधल्या सीटवर तिघी बसलेल्या, चौथीची जागा शिल्लक. बॅग टपावर गेली. ड्रायव्हर ओरडला, “चला, एक बाई, सरकून घ्या!”

ती मागे सरली. “पप्पा, तुमी जावा. मी यष्टीनं येते. मी न्हाई मावायची हितं.”

“अगं बाई,” ड्रायव्हर हसला, “तुझ्यासारख्या तीन मावत्याल!”

ती हसली नाही. ओढणी पोटावर ओढून घेत म्हणाली, “लोकायला तरास व्हतो.”

आतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भावानं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग लेकीकडे. मला म्हणाला, “गंमत करती का ही?”

“तिलाच विचार.”

त्यानं विचारलं. तिचे डोळे भरून आले. “गंमत कशाची, पप्पा? दिसत न्हाई का तुमाला?”

ड्रायव्हर शिव्या घालत होता, तरी भाऊ स्वतः टपावर चढला आणि बॅग खाली घेतली. उतरल्यावर मला म्हणाला, “तो दवाखाना दुपारी चालू असतो का?”

मी म्हटलं, “जाऊन बघू.”