शीलावहिनीचा आवाज

शीलावहिनीचा आवाज मूळचाच दणदणीत. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात ती कुर्त्याचा भाव करायला लागली की शेजारच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही जोर चढतो. अकोल्याहून लग्न होऊन आली तेव्हा माझा भाऊ वाल्मीक तिला म्हणायचा, "हळू बोल, सरकारी क्वार्टर आहे, भिंती पातळ आहेत." ती म्हणायची, "मग भिंती जाड करायला सांगा!" आणि अशी ही बाई नोकरी काय करते? तर गुडगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. म्हणजे दिवसभर कुजबुजायचं.

नव्या मुलांना दरवर्षी एक तास वहिनी शिकवायची. पुस्तक कसं शोधायचं, नेटवरचं खरं-खोटं कसं पारखायचं, दुसऱ्याचं लिखाण का ढापायचं नाही. त्या तासासाठी ती ठेवणीतली साडी नेसायची. गेल्या वर्षी प्रिन्सिपल खुरानांनी तो तास काढून घेतला आणि एका कंपनीचे तयार व्हिडिओ आणले. मुलं व्हिडिओ लावतात, त्याचा आवाज बंद करतात आणि खुशाल रील बघत बसतात. वहिनी भांडायला गेली तर सर म्हणाले, "मॅडम, आप किताबें दीजिए. पढ़ाना अलग चीज़ है."

वहिनीला मिरच्या झोंबल्या. मलाही. तिने ग्रंथपालांसाठीचं एक ऑनलाइन प्रशिक्षण शोधून काढलं, धडा कसा रचायचा हे शिकवणारं. शेवटची परीक्षा म्हणजे खऱ्या मुलांसमोर खरा धडा. परीक्षक ऑनलाइन बघणार. "मी पास झाले तर माझा तास मला परत," हे तिने सरांकडून कबूल करून घेतलं. सरांनी हसत हसत मान डोलावली.

पहिला धडा तिने घरीच रेकॉर्ड केला. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी गॅसपाशी पहारा देत होते. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणातल्या देविका मॅडम म्हणाल्या, "शीलाताई, आवाजच येत नाहीये." ऐकलं तर काय, वहिनी स्वतःच्या घरात कुजबुजत होती! पुस्तकांचा विषय निघाला की तिचा आवाज आपोआप खाली जायचा. मग बाकीच्यांचे धडे लावले, तर सगळेच ग्रंथपाल कुजबुजत होते, जणू शेजारी तान्हं बाळ झोपलंय. सगळे पोट धरून हसले. वहिनीही हसली.

पण तो धडा तिने मोठ्या विश्वासाने सरांनाही पाठवला होता. त्यांनी तो स्टाफच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "किसी को सुनाई दे तो बताना." खाली हसण्याच्या चिन्हांची रांग.

त्या दिवशी चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "समता, इतकी वर्षं या कॉलेजवाल्यांनीच मला हळू बोलायला लावलं यार, आणि आता आवाज येत नाही म्हणून हेच हसतात? चलो, आता ऐकवतेच." मला संतापाने रडू आलं. ती रडली नाही.

परीक्षेचा धडा तिने वाचनकक्षातच घ्यायचं ठरवलं. मी ऑफिसच्या कँटीनमधून मोबाइलवर बघत होते. खुर्च्या मुलांनी गच्च भरलेल्या, वहिनीच्या मागे भिंतीवर पाटी: 'कृपया शांति बनाए रखें'. प्रशिक्षणात शिकवलं होतं, शिकणाऱ्याला आधी चुकू द्या. वहिनीने पडद्यावर स्वतःच रचलेला एक खोटा निरोप लावला, 'कल कॉलेज की छुट्टी', आणि खणखणीत आवाजात विचारलं, "सच या झूठ? पता कैसे करोगे?"

मुलं वाद घालू लागली. कुणी म्हणे वेबसाइट बघू, कुणी म्हणे ऑफिसला विचारू. पण मागच्या रांगेतल्या एकाने काही न ऐकताच पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर पुढे ढकलला होता. धडा अर्ध्यावर आला असेल-नसेल, वहिनीचा फोन वाजला. स्टाफच्या ग्रुपवर खुद्द खुराना सरांनी तोच फोटो टाकला होता, 'बधाई हो' म्हणून!

वहिनीने फोन उचलून वाचला. नोकरी तिची, सर तिचे. मी मोबाइलला सांगत होते, जाऊ दे वहिनी, ठेव तो फोन. तिने सरांचा निरोप सरळ पडद्यावर लावला. "देखो, कितनी दूर गया. और पूछा किसी ने नहीं."

मुलांनी वाचनकक्ष डोक्यावर घेतला. तेवढ्यात दार उघडून सर आत आले, पडदा बघून लाल झाले आणि पाटीकडे बोट दाखवत ओरडले, "मॅडम, यह लाइब्रेरी है!"

"हाँ सर," वहिनी त्यांच्याहून मोठ्याने म्हणाली, "और यह मेरा पीरियड है. बैठिए."

बसायला एकही खुर्ची रिकामी नव्हती. सर दाराशी उभे राहिले आणि वहिनीने धडा पुढे चालू केला.