सुरूच्या झाडाची राखण

"हे लग्न खरं म्हणजे थोरल्याचं व्हायचं."

सासूबाई स्वयंपाकघरात आत्याबाईंना म्हणाल्या, तेव्हा मी मधल्या दारात भरलेली कळशी घेऊन उभी होते. नव्या सुनेला घरातलं निम्मंअधिक असंच दारात उभ्या उभ्या कळतं. कळशी खाली ठेवावी तर आवाज होणार, धरून ठेवावी तर हात गळणार. मी धरून ठेवली.

थोरले म्हणजे माझे मोठे दीर. लढाईत इटलीला गेले ते तिकडेच राहिले. ते गेल्याची तार येण्याआधी त्यांनी पाठवलेलं एक पार्सल मात्र पनवेलला पोचलं होतं. त्यात नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळे. दर नाताळाला एखाद-दुसरा फुटत गेला. मी या घरात आले त्या वर्षी तीनच उरले होते: लाल, निळा आणि सोनेरी. भिंतीवर दिरांचा फोटो आहे, पण सासूबाई त्याच्याकडे कधी बघत नाहीत. गोळ्यांकडे बघतात.

आणि नेमक्या त्याच वर्षी घरात मांजरी व्याली! मांजराच्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत, कोपऱ्यात केस साचतात तसे ते आपोआप साचतात. हे त्यातलेच काही.

*

मांजरी मुळात आमची नव्हेच. शेजारच्या रिबेकाबाईंची. इस्रायलला जायचं ठरलं तशी त्यांनी पाटा-वरवंटा एकाला दिला, पलंग दुसऱ्याला दिला आणि सोनीला माझ्या ओटीत घातलं.

"तिकडं मांजरं नसतील का हो?" मी विचारलं. लग्नानंतर घराबाहेरच्या माणसाशी मी बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल.

"असतील की. पण त्यांना मराठी कुठं येणार?" असं म्हणून त्या हसल्या, आणि मग टांग्यात बसेपर्यंत डोळ्यांवरचा पदर काढला नाही.

सोनी रोज सकाळी त्यांच्या कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन बसायची. माझे सासरे, म्हणजे मामंजी, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते म्हणाले, "शाळा सुटली हे हिला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

*

आमचं नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. उरणच्या किनाऱ्यावरून आणायची, घासलेटच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून रोवायची. वाळू बघून सोनीला वाटलं, केवढी सोय केली माणसांनी!

दोन दिवसांत पुढच्या खोलीत उभं राहवेना. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब प्रार्थनेला यायचे होते. आत्याबाई, म्हणजे मामंजींची बिनलग्नाची बहीण, घाबरल्या. त्यांनी समोरच्या दुकानातून उदबत्तीचा पुडा मागवला आणि अख्खा पेटवला.

पाळकसाहेब उंबऱ्यातच थबकले. "मास्तर, हे काय? उदबत्त्या? तीन पिढ्यांनी परत फिरलात की काय!"

मामंजी शांतपणे म्हणाले, "साहेब, एक मिनिट विझवतो. मग तुम्हीच सांगा, धर्म ठेवू की वास."

साहेबांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "पेटवा."

*

वाळूवर फळी ठोकली, तर पिल्लं झाड चढायला लागली. चार पिल्लं, मुठीएवढी. निळा गोळा त्यातच गेला. सासूबाईंनी काचा वेचल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आणखी एक फुटला, तर सगळी गोणीत घालून खाडीत."

माझे मिस्टर नेहमी अर्धं ऐकतात, पण हे त्यांनी पूर्ण ऐकलं. आईच्या शब्दाबाहेर ते नाहीत. त्यांनी परसात जाऊन गोणी शोधली आणि झटकून दाराआड ठेवली. "नुसती असू दे," मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक आयडिया सुचली. झाड जमिनीवर ठेवायचंच कशाला? छताच्या तुळईला लोखंडी कडी होती. स्टुलावर चढून यांनी झाड दोरीनं त्या कडीला टांगलं. झाड गरगर फिरायला लागलं. पिल्लं खाली बसून माना फिरवायला लागली. हसून हसून आमची पुरेवाट!

आत्याबाई आल्या, वर बघितलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चला, पाळण्याची कडी या वर्षी रिकामी तरी राहिली नाही!"

मी हसत होते, ती थांबले.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "खाली काढ ते," त्या यांना म्हणाल्या. "तिथं थोरल्याचा पाळणा होता."

यांनी झाड काढलं. यांचाही पाळणा तिथंच होता, पण ते कुणी म्हणालं नाही. हेसुद्धा नाही.

*

मासळी घेऊन येणारी चांगुणा सगळं ऐकून टोपलीवर हात ठेवून हसली. "मास्तरीनबाय, तुमी झाराला काय राखता? मांजरीला राखा! तिचा पोट भरला म्हंजे ती कशाला झारावर चरतेय? मांगल्या दाराला सुके बोंबील टांगा. झाराकडं ढुंकून नाय बघाची!"

टांगले. सोनी खरंच झाडाकडे फिरकली नाही. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीतली मांजरं परसात ओळीनं येऊन बसली. काळी, पांढरी, एक कान तुटलेली, दोन एकमेकांशी न बोलणारी.

मामंजींनी चष्मा लावून सगळ्यांवर नजर फिरवली. "आपल्या मंडळीत इतकी हजेरी नाताळालासुद्धा नसते," ते म्हणाले. "आणि वर्गणीचं नाव काढलं तरी उठायची नाहीत ही!"

*

आत्याबाईंचा हट्ट, की झाडावर बर्फ पाहिजे. म्हणून कापूस पिंजून लावायचा. आमच्यापैकी बर्फ कुणी पाहिलेला नव्हता. ज्यांनी पाहिला, ते सांगायला परत आले नाहीत.

सगळ्यात धाकट्या पिल्लानं तो कापूस खाल्ला. सकाळी सोनी त्याला चाटत बसली होती, आणि ते चाटून घेत नव्हतं.

यांनी शेवग्याखाली खड्डा केला. मामंजी टोपी काढून उभे राहिले. पाळकसाहेब नसतील तेव्हा मास्तरच; आयुष्यभर त्यांनी कितीतरी माणसं प्रार्थना करून पुरली असतील.

आत्याबाईंनी हळूच विचारलं, "दादा, म्हणायची का एखादी?"

"एवढी छोटी मला येत नाही," मामंजी म्हणाले आणि त्यांनी टोपी घातली.

उरलेला कापूस मी गुपचूप काढून चुलीत घातला. बर्फ कुठे गेला, असं कुणी विचारलं नाही.

*

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी घरातले सगळे आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पताका लावायला गेले होते. पाठीमागे राहिलो सासूबाई आणि मी. मी परसात करंज्यांचं सारण भाजून आत आले, आणि मधल्या दारात थांबले. सवयच झाली होती.

सासूबाई झाडाशी उभ्या होत्या. त्यांनी लाल गोळा फांदीवरून काढला, त्याच्यावर फुंकर मारली, पदरानं पुसला. मग गालाला लावला. काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. परत टांगायला गेल्या, तर दोरा फांदीत अडकेना. गोळा निसटला.

आवाज एवढासाच झाला.

त्या वळल्या. मी दिसले. पिल्लं कोपऱ्यात सोनीला पीत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि सगळे आत आले. आत्याबाईंनी काचा बघितल्या आणि कपाळाला हात लावला. "गेला! लाल गेला! मी म्हटलं नव्हतं? अरे, बघतोस काय, आण ती गोणी!"

यांनी आईकडे बघितलं. सासूबाई खाली वाकून काचा वेचत होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. यांनी दाराआडून गोणी आणली. एक पिल्लू उचलून आत टाकलं, मग दुसरं. तिसरं सोनीला सोडेना, तेव्हा त्याला ओढलं. सोनी गोणीभोवती फिरायला लागली. मामंजी खिडकीबाहेर बघत राहिले. यांनी गोणीचं तोंड आवळलं, गाठ मारली आणि चपला पायात सरकवल्या.

या घरात माझा आवाज कसा आहे, हे तोपर्यंत कुणाला नीट माहीत नव्हतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो मोठा निघाला.

"आई, उठा, हात कापेल, मी भरते काचा. आणि अहो, ती गोणी सोडा. गोळा माझ्या हातून फुटला."