मिलिंदकाकांशिवायचा अल्बम

पप्पांच्या रॉक बँडची गाणी बोटांवर मोजण्याइतकी, किस्से मात्र पोतंभर. तालमीला जमायचं, की चहा उकळेपर्यंत एक नवा किस्सा तयार! बँडचं नाव ‘झळ’, गाव केज. पप्पा ड्रमवर, रफिककाका गिटारवर, गायला मिलिंदकाका. ड्रमचा पहिला ठोका पडला की मी लहानपणी दचकायचे. आता त्यांचं रेकॉर्डिंग मीच करते, आणि दचकते अजूनही.

*

सुरुवातीला पाटोद्यात एका वरातीची सुपारी घेतली होती. ड्रम चालत वाजवता येत नाहीत, म्हणून सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मिलिंदकाका डोळे मिटून स्वतः लिहिलेली गाणी गात राहिले. मांडव आला तसे नवरदेवाचे मामा ट्रॉलीजवळ आले.

“लई भारी वाजवता. मधी मधी एखादं गाणं बी होऊ द्या की.”

*

पुढं मिलिंदकाकांना बँड पुण्याला न्यायचा होता. पप्पा शाळेत मास्तर, नोकरी सोडायला धजले नाहीत. एसटी स्टँडवर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. “तू पोरांची हजेरीच घे बे,” म्हणत मिलिंदकाका गाडीत चढले, ते कायमचे.

पण गाडी तासभर सुटलीच नाही. मिलिंदकाका खिडकीत, पप्पा खाली. दोघंही बोलले नाहीत, आणि पप्पा घरीही गेले नाहीत.

*

यंदा नवा अल्बम करायचं ठरलं. रफिककाकांच्या तेलगावच्या घरात एक खोली कापसानं गच्च भरलेली. कापूस आवाज घुमू देत नाही, म्हणून तोच आमचा स्टुडिओ. तिसऱ्या गाण्याला कापसाचा भाव वाढला. काकांचे थोरले भाऊ टेम्पो घेऊन हजर! खोली रिकामी, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मग गल्लीतल्या गोधड्या गोळा करून भिंतींना टांगल्या.

पप्पा गोधड्यांकडं बघत म्हणाले, “मिलिंद असता तर टेम्पोत बसून गायला असता.”

*

गायक तर हवाच. साखर कारखान्यातले एक क्लार्क आले. इतकं सुरेख गायले, की मी हेडफोन काढायलाच विसरले. ते गेल्यावर पप्पांनी मान हलवली.

“न्हाई जमायचं. मिलिंद कधी एवढा सुरात होता का?”

शेवटी रफिककाकाच गायले.

*

राहिलं फक्त जुनं गाणं, तिघांनी मिळून केलेलं. नव्या गाण्यांना मी लय धरायला मोबाईलवरचा ठोका लावून दिला होता. ह्याला पप्पा नको म्हणाले. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. कुणी सुरूच करेना! मला वाटलं, माइक गेला. मग रफिककाका हळूच म्हणाले, ह्या गाण्याला सुरुवातीचे एक-दोन-तीन-चार आकडे मिलिंदच मोजायचा.

पप्पा काठ्या धरून तसेच बसलेले. काकांनी फोन लावला, स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला.

“बोल रफिक.” मागं पुण्यातल्या गाड्यांचे हॉर्न.

“जुनं गाणं घेतोय,” काका म्हणाले. “आकडे पायजेत.”



“तो हाय का तिथं?”

“हाय.”

पुन्हा नुसते हॉर्न. मग आवाज आला, “इचार त्याला, किती फास्ट घ्यायचंय.”

पप्पा फोनकडं वाकले.

“तू म्हणशील तसं.”